सर्पगंधेची मुळी कशावर चालते आणि कशावर नाही

सर्पगंधेचं झुडूप फार तर गुडघ्याएवढं, क्वचित कमरेएवढं वाढतं. पेरापेरावर तीन-चार पानांचा घेर, तांबूस देठांवर पांढरी-गुलाबी फुलं आणि पिकल्यावर काळपट जांभळी होणारी बारीक फळं. ओलसर सावलीतल्या या झुडपाची किंमत मात्र जमिनीखालच्या वाकड्यातिकड्या, कडूजहर मुळीत आहे. देशाच्या अनेक आदिवासी आणि ग्रामीण भागांत पिढ्यान्‌पिढ्या ती दोन कामांसाठी उगाळली गेली. वेडाच्या भरात असलेल्या माणसाला शांत झोप लागावी म्हणून, आणि साप चावलेला माणूस वाचावा म्हणून. बिहारात तर तिला 'पागल की दवा' असंच म्हणतात.

यातलं पहिलं काम मुळी खरोखर करते, दुसरं करत नाही. एकाच मुळीच्या बाबतीत असं का, हे समजून घेतलं की जंगलातलं औषध विरुद्ध दवाखान्यातलं औषध या भांडणाचा बराच भाग आपोआप गळून पडतो. वैदूचं ज्ञान खरं की खोटं, असं सरसकट विचारण्यात मला अर्थ वाटत नाही. कोणत्या आजारावर, किती मात्रेत आणि किती वेळात, असं विचारलं तर उत्तर मिळतं.

आधी मुळीचं यश पाहू. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी असल्याचं लिहिलं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी मुळीतले घटक वेगळे काढत होते. मग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीरपणे देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात त्या छापल्या. जगाचं लक्ष वेधलं गेलं ते या लेखामुळे. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतला मुख्य घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तोच रेसरपिन.

हे रेसरपिन शरीरात करतं काय? आपल्या नसांच्या टोकांशी अतिसूक्ष्म पिशव्या असतात. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही निरोप पोचवणारी रसायनं त्यांत साठवलेली असतात. रेसरपिन पिशव्या भरण्याची यंत्रणाच बंद पाडतं. बाहेर राहिलेलं रसायन पेशीतच मोडून जातं आणि हळूहळू साठा रिता होतो. रक्तवाहिन्यांना 'आवळा' असं सांगणारा निरोप क्षीण झाला की रक्तदाब उतरतो. मेंदूतला साठा घटला की खवळलेला माणूस निवतो. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकात सशांना रेसरपिन दिलं तेव्हा ते जागच्या जागी थिजले, आणि एल-डोपा दिल्यावर पुन्हा हलू लागले. कंपवातावरच्या आजच्या उपचाराची वाट तिथून निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

पण साठा रिता व्हायला वेळ लागतो. पोटात घेतलेल्या रेसरपिनचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. शिवाय मात्रा अगदी बारीक आहे: दिवसाला एक मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यापासून पाव मिलिग्रॅमपर्यंत. ती ओलांडली तर सुस्ती येते, नाक चोंदतं, आणि काहींना इतकं खोल नैराश्य येतं की जीव द्यावासा वाटतो. जंगलातल्या प्रत्येक मुळीत हा घटक सारखा नसतो. झाडाचं वय, माती, साल किती राहिली यावर तो बदलतो. उगाळलेली मुळी आणि मोजलेली गोळी यांत खरा फरक हाच. गोळीत ज्ञान जंगलाचंच आहे, भर पडली ती मापाची.

या यशाची किंमत जंगलाने मोजली. मागणी वाढली तशी मुळी उपटून नेली गेली, आणि मूळ गेलं की झाडच जातं. १९९० साली सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधांखाली आणावा लागला. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखून ठेवली त्यांना या कमाईतला वाटा देण्याची तरतूद कायद्यात यायला २००२चा जैवविविधता कायदा उजाडला. याची मला मनापासून खंत वाटते.

आता साप. आपल्याकडे बहुतेक मृत्यू चार सापांमुळे होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नागाचं विष नस आणि स्नायू यांच्यातला निरोप अडवतं. पापण्या मिटतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मण्यारीचं विष नसेच्या टोकाचाच नाश करतं. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात कळ येते आणि घरच्यांना वाटतं अपचन झालं. घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं, मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडंही बंद पडतात. हे ओळखायची चाचणी कोणत्याही आरोग्य केंद्रात होते: काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, तर ते गोठण्याची ताकद गेली आहे.

यातल्या कोणत्याही टप्प्यावर रेसरपिनला काम नाही. ते विषाला बांधत नाही, आणि त्याचा परिणाम व्हायला लागतात ते दिवस, तर मण्यार काही तासांत श्वास थांबवते. घोणशीच्या दंशात रक्तदाब आधीच कोसळू शकतो, त्यात हे रक्तदाब उतरवणारं औषध. आणि गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात काढा ओतला तर तो फुप्फुसात उतरतो.

मग मुळीने माणसं वाचल्याचं गावोगावी का सांगतात? सांगणारे खोटं बोलत नाहीत. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या सुमारे साठच विषारी. शिवाय विषारी सापही अनेकदा विष न सोडता चावतो. अशी माणसं काहीही दिलं तरी जगतात, आणि श्रेय मुळीला मिळतं. जी मेली त्यांच्याबद्दल 'उशीर झाला होता' असं म्हटलं जातं. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार.

सापाच्या विषाला बांधतं ते प्रतिविषच. घोड्यांना विष थोडं थोडं टोचतात आणि त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं काढून घेतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम झालेलं आहे. हे विष येतं कुठून? त्याचा मोठा वाटा चेन्नईजवळच्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतो. १९७८ पासून ते साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा जंगलात सोडतात. त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. माग काढून बिळातला साप ओळखण्याची पिढीजात विद्या आज दवाखान्यातल्या कुपीपर्यंत पोचली आहे. सर्पदंशात आदिवासी ज्ञान जीव वाचवतं ते असं.

भगताला शिव्या देऊन काही साधत नाही. पालघरच्या पाड्यावर रात्री दोन वाजता हाक मारली तर आधी तोच येतो. आरोग्य केंद्र लांब, आणि तिथे आपल्याशी कसं वागतील याची धास्ती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शोधग्रामचा दवाखाना गोंडांच्या घरांसारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं, ते ही धास्ती जावी म्हणूनच. भगताने मंत्र म्हणावा, अंगारा लावावा, पण गाडी चालू असताना. पोटात काही देऊ नये, दोरी आवळू नये, चीर देऊ नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता माणसाला आडवं न्यावं, १०८ला फोन करावा आणि चावल्याची वेळ लक्षात ठेवावी. भगताने स्वतः गाडीत बसून सोबत जावं, हे सर्वांत चांगलं. त्याच्या शब्दावर घरचे लगेच निघतात.

आणि तुम्ही ग्रामीण भागात राहत असाल, तर पावसाळ्याआधी एकदा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत, त्यांची मुदत कधी संपते आणि रात्री डॉक्टर असतात का, हे विचारा. घोणस किंवा मण्यार चावलेल्याला सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात. तेवढ्या नसतील तर ग्रामसभेत विषय काढा.