एक ‘जीदोंग’, अनेक इंग्रजी शब्द

मन एकाएकी उचंबळून येते तेव्हा चिनी माणूस ‘जीदोंग’ म्हणतो. कोशात त्यापुढे बहुधा ‘एक्सायटेड’ असे छापलेले असते आणि इंग्रजी शिकणाऱ्याची फसगत तिथेच होते. ‘जी’ या चिनी अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याची खूण असते. अडलेल्या पाण्याची उसळी, हा त्याचा जुना अर्थ. ‘दोंग’ म्हणजे हलणे. उसळी आनंदाची की संतापाची, हे हा शब्द सांगत नाही. पदक गळ्यात पडताच रडू फुटलेली खेळाडू जीदोंग, भांडताना आवाज चढलेला शेजारीही जीदोंग. इंग्रजीत मात्र ती ‘मूव्हड’ किंवा ‘ओव्हरव्हेल्म्ड’, आणि तो ‘वर्क्ड अप’. ‘एक्सायटेड’ शोभतो सहलीच्या आदल्या रात्री झोप न लागणाऱ्या मुलाला. त्यात पुढच्या गोष्टीची ओढ असते. चिनीतला ‘शिंगफन’ त्याच्या अधिक जवळचा.

दुसरी अडचण प्रत्ययांची. इंग्रजीसारखे प्रत्यय चिनीत नाहीत, म्हणून ‘आय ॲम व्हेरी एक्सायटिंग’ हे वाक्य वारंवार कानी पडते. बोलणाऱ्याला स्वतःची अधीरता सांगायची असते. ऐकणाऱ्याला वाटते, हा स्वतःला फार रंजक माणूस समजतो.

‘थ्रिल’ शिकवताना त्याचे मूळ सांगावेच, इतके ते सुंदर आहे. जुन्या इंग्रजीत ‘थिरल’ म्हणजे भोक. नाकपुडीला ‘नॉस्ट्रिल’ म्हणतात, त्यात ते भोक अजून शाबूत आहे. भोक पाडत आरपार जाणे, यावरून अंगातून सर्रकन जाणारी लहर म्हणजे थ्रिल. नोकरी मिळाल्याचे कळताच ‘थ्रिल्ड’ म्हणणे अगदी योग्य.

‘रशुए फेइथंग’, म्हणजे गरम रक्त उकळणे, हे चिनीत स्फुरण चढण्याचे लक्षण. मराठीत रक्त सळसळते तसे. शब्दशः इंग्रजीत नेले की ‘ब्लड बॉइल्स’ होते, आणि तो निव्वळ संताप.

‘कोंबड्याचे रक्त टोचून घेतल्यासारखा’ हा चिनी वाक्प्रचार तर भाषांतराला दादच देत नाही. 1960च्या दशकात चीनमध्ये असे रक्त खरोखरच टोचून घेतले जात असे. एकदम अंगात वारे शिरलेल्या माणसाला आज तसे म्हणतात. इंग्रजीत इथे कोंबडा सोडून द्यावा आणि ‘पम्प्ड अप’ म्हणावे.