कोबाल्ट जुना, इरिडियम नवा? आतून दिल्या जाणाऱ्या शेकाविषयीचे गैरसमज

स्तनातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली की घरात पुढची चर्चा ‘शेका’ची, म्हणजे किरणोपचाराची, सुरू होते. बाहेरून, यंत्राखाली झोपवून दिला जाणारा शेक जळगाव-धुळ्याकडे आता बऱ्याच घरांना ठाऊक आहे. पण डॉक्टरांनी ‘आतून शेक’, म्हणजे ब्रेकीथेरपी, असे म्हटले की नातेवाईक गोंधळतात. तिथे कोबाल्ट आहे की इरिडियम? कोबाल्ट असेल तर सरळ मुंबई गाठायची का? ही विचारपूस मायेपोटी होते, हे खरेच. मात्र तिच्यापायी कित्येकदा उपचार लांबतो, आणि मला काळजी त्याची वाटते.

‘कोबाल्ट म्हणजे जुने यंत्र’ ही समजूत सर्वात पक्की आहे. तिचे मूळ बाहेरून शेक देणाऱ्या जुन्या मोठ्या कोबाल्ट यंत्रांत आहे. ब्रेकीथेरपीतला सोर्स, म्हणजे किरणोत्सर्गी कोबाल्टचा किंवा इरिडियमचा तुकडा, मात्र तांदळाच्या दाण्याहूनही बारीक असतो. तो पोलादी तारेच्या टोकाला बसवलेला असतो. गाठ काढलेल्या जागेत बारीक प्लास्टिकच्या नळ्या घालतात, आणि यंत्र तो सोर्स एकेका नळीतून ठरलेल्या ठिकाणी ठरलेले सेकंद थांबवते. इरिडियम-192 च्या किरणांची ऊर्जा सरासरी 0.38 एमईव्ही, कोबाल्ट-60 ची 1.25. आकडे पाहून कोबाल्टचे किरण फार खोल जाऊन नुकसान करतील असे वाटते. पण सोर्सपासून काही सेंटिमीटरच्या आत डोस किती, हे मुख्यतः अंतर ठरवते: अंतर दुप्पट झाले की डोस साधारण चौथाईवर येतो. त्यामुळे नळ्या नीट बसल्या आणि नियोजन नीट झाले, तर स्तनातल्या त्या जागेला दोन्हींतून मिळणारा डोस जवळपास सारखाच असतो.

खरा फरक रुग्णालयाच्या हिशेबात पडतो. इरिडियमचे अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी होण्याचा काळ, सुमारे 74 दिवस, म्हणून सोर्स दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. कोबाल्टचे अर्धायुष्य 5.27 वर्षे. म्हणजे एक कोबाल्ट पाच वर्षे चालतो, तेवढ्यात इरिडियमचे पंधरा-वीस सोर्स लागतात. उलट कोबाल्टच्या खोलीला जास्त जाड भिंती लागतात. मोठ्या शहरापासून दूरच्या केंद्राने कोबाल्ट निवडला, तर तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. मात्र स्तनाच्या ब्रेकीथेरपीचा बहुतांश अनुभव इरिडियमवरचा आहे, हेही सांगायला हवे.

यातूनच आणखी एक शंका निघते. ‘शेजारच्या बाईला पाच मिनिटे लागली, आमच्या आईला दहा. तिला जास्त डोस दिला का?’ नाही. इरिडियम रोज थोडा थोडा क्षीण होतो. अडीच महिन्यांनी त्याची ताकद निम्मी उरते, म्हणून तोच डोस द्यायला दुप्पट वेळ लागतो. भौतिकतज्ज्ञ दर वेळी हा हिशेब करतात. नळ्या किती आणि जागा केवढी, यानेही वेळ बदलतो.

‘आतून शेक घेतलेल्या बाईजवळ नातवंडे नेऊ नयेत’ हा समज सर्वात क्लेशकारक, कारण आजारी बाई आपल्याच घरात वेगळी पडते. सत्र संपले की सोर्स यंत्राच्या तिजोरीत परत जातो. नंतर नळ्या अंगात असल्या तरी त्यांत किरणोत्सर्ग नसतो. तिने स्वयंपाक करावा, नातवाला मांडीवर घ्यावे. कुणालाही धोका नाही. पॅलेडियम-103 चे कण स्तनात कायमचे ठेवण्याची वेगळी पद्धत कॅनडात वापरली गेली आहे. तिच्यात लहान मुले आणि गरोदर स्त्रियांबाबत काही काळ खबरदारी घेतात. नळ्यांच्या उपचाराला तो नियम लागू नाही.

किरणोत्सर्गी पदार्थच नसलेले साधनही आहे. मूळचे गोव्याचे शल्यविशारद डॉ. जयंत वैद्य यांनी लंडनमध्ये मायकेल बॉम आणि जेफ्री टोबायस यांच्यासह 1998 मध्ये ‘टारगिट’ ही पद्धत सुरू केली. गाठ काढल्यावर त्याच टेबलावर 50 किलोव्होल्टच्या क्ष-किरणांचा गोळा त्या पोकळीत ठेवतात. गोळ्याच्या पृष्ठभागी 20 ग्रे डोस मिळतो आणि सेंटिमीटरभर खोलीवर तो 5 ते 7 ग्रेवर उतरतो. ‘एकदाच, आणि काम संपले’ असे मात्र सर्वांचे होत नाही. नंतरच्या तपासणी अहवालात धोका दिसला, तर पूर्ण स्तनाला बाहेरून शेक द्यावाच लागतो. 2298 स्त्रियांच्या चाचणीत पाच वर्षांत रोग त्याच स्तनात परतण्याचे प्रमाण 2.11 टक्के होते, तर नेहमीच्या शेकात 0.95.

केवळ नळ्यांचा शेकही सर्वांसाठी नाही. युरोपातल्या 1184 जणींच्या चाचणीत चाळिशी ओलांडलेल्या आणि 3 सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या स्त्रियाच घेतल्या होत्या. दहा वर्षांनी रोग परतण्याचे प्रमाण नळ्यांच्या गटात 3.51 टक्के, पूर्ण स्तनाच्या शेकात 1.58. फरक आहे, पण दोन्ही आकडे लहान आहेत. गाठ मोठी असेल किंवा काखेतल्या गाठींत रोग असेल, तर पूर्ण स्तनाचा शेक लागतो आणि ब्रेकीथेरपी फार तर वरचा जादा डोस म्हणून येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 1980 पासूनच्या दोन दशकांत स्तन राखून उपचार झालेल्या 1022 स्त्रियांना असाच पूर्ण शेक आणि वर ब्रेकीथेरपीने किंवा इलेक्ट्रॉनने जादा डोस दिला होता. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात पाच वर्षांचे स्थानिक रोगनियंत्रण 91 टक्के होते.

म्हणून साक्री-शिरपूरच्या किंवा चोपडा-पाचोऱ्याच्या घरांना सांगणे एवढेच: ब्रेकीथेरपी जवळ नसेल तर निराश होऊ नका. बाहेरून दिला जाणारा शेकही आता आखूड झाला आहे. ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीचे 2020 चे निष्कर्ष एका आठवड्यात पाच वेळा दिलेल्या 26 ग्रेच्या बाजूने आहेत. सोर्स कोणता, याआधी डॉक्टरांना विचारा की या गाठीला नुसत्या नळ्या पुरतील का, तिथे नळ्या बसवण्याचा अनुभव किती आहे, आणि नियोजन सीटी स्कॅनवर होते का. शस्त्रक्रियेचा अहवाल सोबत न्या. आणि शेकाची दिलेली तारीख चुकवू नका.