मूल चिडकं झालंय? आळस म्हणण्याआधी हे वाचा



या अंकात खोडव्याविषयी लिहावयाचे होते, ते पुढील अंकी. ऊस नोंदीला गट ऑफिसात येणारे पालक हल्ली निघता निघता मुलांचं बोलतात. "पोरगं चिडकं झालंय, शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणतं." यावर आपल्याकडे दोनच निदानं ठरलेली, आळस नाहीतर बाहेरची बाधा. तिसरं कारण नैराश्य हे असू शकतं. तो आजार आहे आणि तो लहान मुलांनाही होतो.

मोठा माणूस उदास दिसतो. मूल पुष्कळदा उदास न दिसता चिडचिड करतं. पोट, डोकं दुखतं, पण तपासणीत काही सापडत नाही. खेळ सुटतो, लाडक्या कालवडीकडंही ते फिरकत नाही. झोप उडते किंवा सारखी येते, जेवण तुटतं, मार्क घसरतात. नापास झाल्यावर चार दिवस रुसणं हा आजार नव्हे. मात्र अशी बरीच लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज दिसली, तर मुलाला दाखवावे.

आता निदानाचं. ऊस पिवळा पडला की आपण युरिया टाकायला धावतो. नत्र कमी असेल तर जुनी पानं आधी पिवळी पडतात, लोह कमी असेल तर कोवळी. आणि मुळाशी हुमणी असेल तर युरियाचं पोतं वायाच! मुलाचंही तसंच. रक्त कमी असणं, थायरॉईडचा दोष यांनीही मूल मलूल होतं, म्हणून डॉक्टर रक्त तपासतात. पण नैराश्य स्वतः रक्तात सापडत नाही. डॉक्टर मुलाशी एकट्यानं बोलतात, आई-वडिलांना विचारतात, शाळेतली वागणूक, घरातलं भांडण, मारहाण, दारू सगळं विचारतात. तिथं लपवू नये.

रत्नागिरीचं नाव आपल्याकडं थट्टेत घेतात. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय ब्रिटिश अमदानीपासूनचं आहे. तिथं नुसतं दाखवून घरी परतता येतं. जिल्हा रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञाची चौकशी करावी. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा 2022 पासून चालू आहे. नंबर 14416, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. उपचारात समुपदेशन मुख्य. गोळ्या दिल्याच तर गुण यायला काही आठवडे लागतात, त्या आपल्या मनानं बंद करू नयेत.

मूल "मी नसलेलं बरं" असं बोललं तर त्याला रागावू नका, स्पष्ट विचारा. विचारल्यानं तसले विचार डोक्यात शिरत नाहीत. त्याला एकटं न ठेवता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि तणनाशक, कीटकनाशकाचे डबे माळ्यावर किंवा खाटेखाली असतील, तर ते आजच कुलुपात घाला. किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला असावी.

— ऊस विकास अधिकारी