पायाखालची चित्रे आणि चित्रकलेचा तास

रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर पिढ्यान् पिढ्या गुरे चरत आली आहेत. पावसाळ्यात तेथे गवत माजते, पावसाळा सरल्यावर ते कापले जाते आणि उरलेले महिने काळवंडलेला जांभा उन्हात तापत पडून असतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ अशी आढळते. महसुलाच्या दृष्टीने ती नोंद बरोबरच आहे. परंतु दप्तराने ज्या भूमीला खराबा ठरविले, तिच्याच अंगावर अश्मयुगीन माणसाने आपली चित्रे कोरून ठेवली आहेत, ही गोष्ट आता सर्वांच्या कानांवर आलेली आहे. कानांवर आली आहे, एवढेच मी म्हणतो. डोळ्यांपर्यंत ती कितपत पोहोचली आहे, याविषयी मला शंका आहे, आणि ती शंका हेच या लेखाचे निमित्त आहे.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२ पासून या कातळशिल्पांचा पद्धतशीर शोध आरंभिला. आजवर सत्तरांहून अधिक ठिकाणी दीड हजाराहून अधिक आकृत्यांची नोंद झाली आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ ठिकाणांचा समावेश झाला. त्यांतील कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी ही सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत. कुडोपी सिंधुदुर्गात आणि फणसमाळ गोव्यात आहे. आज या प्रदेशात कोठेही न आढळणारा गेंडा या चित्रांत आहे. शेतीचे चित्रण मात्र त्यांत नाही. त्यावरून ही शिल्पे शिकारीवर आणि मासेमारीवर जगणाऱ्या, नांगर धरण्यापूर्वीच्या माणसांची असावीत, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

या वार्तेनंतर आपल्याकडे जी चर्चा झाली, तिचा सूर ठरावीक होता. शिल्पे किती हजार वर्षांची, कोणत्या संस्कृतीची, त्यांमुळे पर्यटन वाढेल काय, रस्ता कधी होईल, असे प्रश्न विचारले गेले. ते गैर आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु चित्रकलेच्या एका शिक्षकाला त्याहून निराळा प्रश्न पडतो. ही चित्रे इतकी वर्षे उघड्यावर असताना ती आम्हांस दिसली का नाहीत?

ती कोणालाच दिसली नव्हती असे म्हणणे खरे नाही. गुराख्यांना ती ठाऊक होती. शोध घेणाऱ्यांनीही गावोगाव जाऊन गुराख्यांना, वडीलधाऱ्यांना आणि शाळकरी मुलांनाच विचारपूस केली व त्यांच्या बोटाच्या इशाऱ्याने ते सड्यावर पोहोचले. ठाऊक असणे आणि पाहणे यांत अंतर आहे, एवढाच याचा अर्थ. रोजच्या वाटेवरचा दगड माणसाच्या परिचयाचा असतो, आणि परिचयाची वस्तू न्याहाळावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रेरणा शोधण्यासाठी आपण मुंबईच्या प्रदर्शनाकडे, परदेशी चित्रसंग्रहांच्या गुळगुळीत कागदाकडे धाव घेतो. अंगणातील रांगोळी, गडग्याच्या चिऱ्यांची सांधेजोड, शिमग्याच्या पालखीतील मुखवट्यांची घडण यांना आपण ‘कला’ म्हणण्यास तयार होतो खरे, पण ते समारंभाच्या भाषणात. एरवी त्यांच्याकडे वळून पाहावे, इतकी सवड आपल्याला होत नाही.

अशी सवड काढणारी माणसे झाली नाहीत, असे नव्हे. नीमचला जन्मलेले आणि उज्जैन ही कर्मभूमी मानणारे विष्णू श्रीधर वाकणकर १९५७ मध्ये आगगाडीतून जात असता त्यांना दूरवर विलक्षण आकाराचे खडक दिसले. त्या गाडीतून इतरही प्रवासी जात होते आणि खडक त्यांच्याही खिडकीतून दिसत होतेच. वाकणकर मात्र उतरले, चालत तेथवर गेले, आणि भीमबेटकाची चित्रे जगापुढे आली. २००३ मध्ये ते स्थळ जागतिक वारसा ठरले. वाकणकर पुरातत्त्वज्ञ होते हे सर्वांना माहीत आहे. ते चित्रकार होते, याचा मात्र विसर पडतो. खडकाच्या आकृतीकडे थबकून पाहण्याची सवय त्यांना चित्रकलेनेच लावली असावी, असे माझे मत आहे.

दुसरे उदाहरण दूरच्या पेरू देशातील आहे, पण आपल्या सड्याशी त्याचे नाते जवळचे. नाझ्काच्या वाळवंटातील प्रचंड रेखाकृतींचा अभ्यास मारिया रायखे या जर्मन गणितज्ञ बाईंनी १९४० च्या दशकापासून हाती घेतला आणि त्यांतच आयुष्य वेचले. त्यांची साधने होती मोजपट्टी, शिडी आणि केरसुणी. रेषांवर साचलेली धूळ त्या केरसुणीने झाडून काढीत. पहिल्या काही वर्षांत तेथील लोकांनी त्यांच्याविषयी काय काय तर्क केले असतील, याची कल्पना करणे कोकणातल्या माणसाला तरी अवघड जाऊ नये. आपल्याकडेही सड्यावरची माती, झुडपे आणि वाळके गवत हातांनी दूर करूनच एकेक रेषा मोकळी झाली आहे.

छायाचित्राचा उपकार आणि त्याची मर्यादा

या कामी छायाचित्रणाने केलेले साहाय्य मोठे आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या देहरेषेच्या आत इतर अनेक प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. माणूस त्याच्या शेजारी उभा राहिला, तरी त्याच्या नजरेत एखादा पाय येतो, नाहीतर पाठीचा बाक येतो. संपूर्ण हत्ती काही येत नाही. ड्रोनवरील कॅमेऱ्याने तो प्रथमच एका दृष्टिक्षेपात आणून दिला. सूर्यप्रकाशाचेही तसेच आहे. ऐन दुपारी आम्ही काही विद्यार्थ्यांसह अशाच एका सड्यावर गेलो होतो. सूर्य माथ्यावर होता, कातळ पांढुरका चमकत होता, आणि मुले ‘सर, येथे काहीच नाही’ असे म्हणून सावली शोधू लागली होती. साडेपाचच्या सुमारास ऊन तिरपे झाले, कोरलेल्या चरांत सावली उतरली, आणि जेथे पोरे डबे उघडून बसली होती, नेमक्या त्याच जागी एक मासा स्पष्ट उमटला. त्या दिवशी प्रकाशाविषयी मी वर्गात वर्षभर जे सांगत होतो, ते पुन्हा सांगण्याची गरज उरली नाही.

यानंतर घडले ते मात्र विचार करावयास लावणारे होते. ज्यांच्यापाशी भ्रमणध्वनी होते त्यांनी भराभर छायाचित्रे काढली आणि दहा मिनिटांत परत निघण्याची घाई सुरू झाली. चित्र खिशात गेले होते, मग पुन्हा पाहण्याचे प्रयोजन काय? दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच माशाचे स्मरणचित्र काढण्यास सांगितले, तेव्हा शेपटी कोणत्या दिशेला होती हेही बहुतेकांना आठवेना. ज्या दोघा-तिघांनी भ्रमणध्वनी नसल्यामुळे वहीत पेन्सिलीने आकृती उतरवून घेतली होती, त्यांना मात्र ती बऱ्यापैकी आठवली. कॅमेऱ्याला दूषण देण्याचा माझा हेतू नाही. तो जे टिपतो ते आपण पाहिलेच असते असे नाही, हे ध्यानी ठेवून तो हाती घ्यावा, इतकेच. पेन्सिल हाती घेतली की रेषा कोठे सुरू होते आणि कोठे वळते, याचा निर्णय आपणांस करावाच लागतो. तेथे पळवाट नाही.

आणि या आकृत्यांत शिकण्याजोगे पुष्कळ आहे. बारसूच्या सड्यावर मध्ये मनुष्य आणि दोन्ही बाजूंस वाघ अशी रचना आहे. तोल, पुनरावृत्ती आणि मोकळ्या जागेचा उपयोग यांविषयी संकल्पचित्राच्या तासाला जे जे सांगितले जाते, ते सारे त्या एका रचनेत हजर आहे. काही ठिकाणी रेषा खोदून आकृती साधली आहे, तर काही ठिकाणी आकृती राखून भोवतालचा दगड काढला आहे. या दोन्ही रीती आजचा लाकडी ठसे करणारा कारागीरही वापरतो.

शंभर मुलांची अट

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द शिक्षकांपासून कारकुनांपर्यंत अनेकांनी कधीतरी उत्तरपत्रिकेवर लिहिलेले असतील. या परीक्षांना विद्यार्थी अजूनही बसतात; दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांचे आकर्षण त्यामागे असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु परीक्षेला बसविणारा शिक्षक ज्या शाळेत आहे, तेथील ही गोष्ट झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत मुलांची संख्या शंभराहून अधिक असेल, तरच कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक देण्याची तरतूद आहे. हा आकडा शहरातील शाळेला लहान वाटेल. कोकणात घरटी माणूस मुंबईला गेलेला, वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आणि शाळेचा पट वर्षागणिक घटत चाललेला. तेथे शंभराचा आकडा गाठायचा कोणी? म्हणजे ज्या गावाच्या सड्यावर युनेस्कोने दखल घ्यावी अशी चित्रे आहेत, त्याच गावच्या शाळेत चित्र शिकविणारा माणूस असण्याचा संभव सर्वांत कमी. कायदा करणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते, हे उघड आहे. पण नियमाचा परिणाम तोच होतो. कातळशिल्पे असलेल्या गावांच्या शाळांना ही अट शिथिल करावी, अथवा तीन-चार शाळा मिळून एक फिरता कलाशिक्षक नेमावा, ही मागणी अवास्तव ठरू नये. एका छोट्या पुलाच्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ असेल.

विलंब परवडणारा नाही, याचे कारण सड्यावरच आहे. ज्या जांभ्यावर ही चित्रे आहेत, त्याच जांभ्याचे चिरे काढून आमची घरे, विहिरी आणि गडगे उभे राहतात. चिरेखाणीचे यंत्र कातळावर फिरू लागले, म्हणजे त्याला मासा आणि हत्ती यांचा भेद कळत नाही. बारसूच्या परिसरात नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती-परीक्षणावरून एप्रिल २०२३ मध्ये केवढा क्षोभ झाला, हे सर्वश्रुत आहे. प्रकल्प हवा की नको, हा वाद मोठा आहे आणि तो या लेखात आणण्याचे कारण नाही. रोजची खाण मात्र वादाविना चालते, आणि तिच्या काठावर उभे राहून ‘येथे थांबा, येथे चित्र आहे’ असे सांगणारा माणूस त्याच गावचा असावा लागतो. कुंपण आणि फलक यांनी ते काम भागत नाही.

गेल्या हिवाळ्यात एक प्रयोग आम्ही करून पाहिला. कशेळीच्या हत्तीचे छायाचित्र घेऊन त्यावर १८ आडव्या आणि १३ उभ्या घरांची चौकट आखली, एक घर म्हणजे एक मीटर. शाळेच्या पटांगणावर सुतळी ताणून तशीच २३४ घरे केली आणि नववीच्या मुलांना घरे वाटून दिली. प्रत्येकाने आपल्या घरापुरती रेषा फक्कीने ओढावयाची. शेजाऱ्याच्या घरात डोकावून रेषा जुळवून घेण्यास मुभा होती. सकाळभर कोणालाच हत्ती दिसत नव्हता, दिसत होती ती वेडीवाकडी रेषा आणि एकमेकांशी चाललेले भांडण. कोरणाऱ्या माणसांनी सुतळीवाचून हे कसे साधले असेल, असे एका मुलीने विचारले, आणि त्यावर मुले आपापसांत बराच वेळ बोलत राहिली. दुपारी सारे वरच्या मजल्याच्या सज्जावर गेले. पटांगणाची लांबी दीड मीटर कमी भरली होती. सोंडेचे टोक गडग्याला जाऊन थटले होते, आणि ज्याच्या वाट्याला ती घरे आली होती त्याने कोणालाही न विचारता ती रेषा जांभ्याच्या चिऱ्यांवरून वर चढविली होती. पटांगणावरची फक्की दोन दिवसांत पायांखाली गेली. गडग्यावरचे सोंडेचे टोक मेअखेरीपर्यंत राहिले होते.