दोन सूत की सहा एमएम?

नवी मुंबईतल्या उलव्यात नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिले काही दिवस ड्रिलच्या घरघरीत जातात. पडद्याचे रॉड, गिझर, पाण्याचा फिल्टर, देव्हारा, सगळ्यांसाठी भिंतीला भोके हवीत. शेजारच्या विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट केली, तीही कातळात भोके पाडून, सुरुंग ठासूनच. टेकडीत अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब कोणी ठेवत नाही. पडद्याच्या रॉडला तो ठेवावाच लागतो.

घोटाळा होतो तो मापात. सुतार आणि फॅब्रिकेटर अजून सुतात बोलतात: आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणजे दोन सूत ६.३५ मिमी. स्क्रू पकडण्यासाठी भोकात ठोकायची गिट्टी मात्र मिलिमीटरच्या मापाने मिळते. दोन सुती बिटाने पाडलेल्या भोकात सहाची गिट्टी ठोकली, की स्क्रू आवळताना गिट्टीच गरगर फिरते. मग काडेपेटीच्या काड्या कोंबण्याचा ठेवणीतला उपाय निघतो.

खरे तर निवड उलटीकडून करायची. टांगायचे वजन पाहून स्क्रू, स्क्रूवरून गिट्टी आणि गिट्टीवरून बिट. सहाच्या गिट्टीला सहाचे, आठच्या गिट्टीला आठचे. भोक गिट्टीपेक्षा सेंटीमीटरभर खोल हवे. बिटावर टोकापासून भोकाच्या खोलीएवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की काम झाले. खिडकीवरच्या काँक्रीटच्या बीमला ड्रिलचा हॅमर लागतो. भिंत हलक्या एएसी ब्लॉकची असेल तर हॅमर बंद ठेवायचा; नाहीतर सहाचे बिट सहज सातचे भोक पाडून ठेवते. टाइलवरही आधी हॅमरशिवायच.

गिट्टीचा इतिहास फार जुना नाही. ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न फोडता विजेची फिटिंग बसवायची होती, त्या कामातून जॉन रॉलिंग्ज यांची तागाच्या धाग्यांची गिट्टी आली. पेटंट १९११ चे. नायलॉनची फुगणारी गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये आणली. पीळ असलेले बिट त्याहून जुने. अमेरिकेत स्टीफन मॉर्स यांना त्याचे पेटंट १८६३ मध्ये मिळाले. आपल्याकडचे सुतार दोरीने फिरणारा सामता आणि गिरमिट यांवर भागवत.

लाकडात गिट्टी नाही, म्हणून भोक स्क्रूपेक्षा बारीक. आठ नंबरचा स्क्रू साधारण ४.२ मिमीचा असतो. त्याला सागवानात तीनचे बिट, पाइनमध्ये अडीचचे. आकडे लक्षात राहत नसतील तर बिट स्क्रूपुढे धरून उजेडात पाहावे: स्क्रूचा गाभा झाकला जावा, आटे मात्र दोन्ही बाजूंनी दिसावेत. दोन फळ्या जोडताना वरच्या फळीत साडेचारचे भोक पाडतात. तिथे स्क्रूने पकडायचे नसते, नुसते सरकायचे असते. तेव्हाच फळ्या घट्ट ओढल्या जातात.

लोखंडात हिशेब आणखी काटेकोर. बोल्टच्या व्यासातून आट्यांचे अंतर वजा केले की आटे पाडणाऱ्या टॅपआधीच्या भोकाचे माप मिळते. एम-६ ला सहा वजा एक, म्हणजे पाच. एम-८ ला आठ वजा सव्वा, म्हणून बाजारात ६.८ चे बिट. तोच एम-६ बोल्ट नुसता आरपार घालून नट लावायचा असेल तर ६.६ चे भोक. मोठे भोक एका झटक्यात पाडायचे नाही. आधी सेंटर पंचची खूण, मग तीनचे बिट, मग हवे ते.

६.८ सारखी मापे घरगुती सेटमध्ये बहुधा नसतात. सुटी बिटे घ्यायला मुंबईची नागदेवी स्ट्रीट आहे. उलव्याच्या खारकोपर स्टेशनहून लोकल पकडून, पुढे हार्बर मार्गावर मशीद स्टेशनला उतरले की ती जवळच. जुन्या बिटावरचा आकडा पुसला असेल तर व्हर्नियर लावायचे, पण टोकाला. भिंतीच्या बिटाचे कार्बाइडचे टोक दांड्यापेक्षा रुंद असते. दांडा मोजून घेतलेली गिट्टी त्या भोकात ढिली बसते.