तेल परत आत ढकलणारं रबर

रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन किंवा उरणचं करंजा, कुठल्याही बंदरावर मासळी उतरली की ती बर्फात बसते आणि पिकअपमधून बाजाराकडे निघते. वाटभर हौद्यातून बर्फाचं खारट पाणी ठिबकत असतं आणि त्यातलं बरंचसं मागच्या चाकांच्या आसपासच पडतं. अशा गाडीच्या मागच्या चाकाकडे आतल्या बाजूने वाकून पाहिलं तर कधीकधी टायरवर काळा चिकट ओघळ दिसतो. मिस्त्री एका वाक्यात निदान करतो: "एक्सलचं ऑइल सील गेलंय."

हे सील म्हणजे तळहातावर मावणारी एक चकती. बाहेर पत्र्याचं कडं, आत रबराची पातळ कड आणि त्या कडेला शाफ्टवर दाबून धरणारी केसासारखी बारीक गोल स्प्रिंग. गिअर बॉक्समधून येणारी ताकद डिफरन्शिअलमधून दोन्ही बाजूंच्या एक्सल शाफ्टना मिळते. या सगळ्या दातेरी चाकांना बुडवून ठेवणारं ९० नंबरचं दाट ऑइल एक्सलच्या पोकळ घरात असतं. शाफ्ट घरातून बाहेर येऊन चाकाला जोडला जातो तिथे ही चकती बसते. ऑइल आत राहावं, धूळ आणि पाणी बाहेर राहावं, एवढंच तिचं काम.

आपली समजूत अशी असते की हे बाटलीच्या बुचासारखं काहीतरी आहे, घट्ट दाबलं की झालं. पण बूच फिरत नाही. इथे शाफ्ट फिरतो, आणि किती फिरतो ते मोजून पाहण्यासारखं आहे. चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर धरला तर एका किलोमीटरमध्ये ते सुमारे ४५५ वेळा फिरतं. शाफ्ट ४५ मिलिमीटर जाडीचा असेल तर तेवढ्यात रबराची कड लोखंडावर ६४ मीटर घासते. गाडी ५० हजार किलोमीटर चालली की हे घासणं ३,२०० किलोमीटरवर जातं. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीची रबराची एक रेघ जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी घासत जाते, आणि तरीही ऑइल थांबवून धरते. कोरडं रबर असं घासलं गेलं असतं तर थोड्याच वेळात करपलं असतं.

ते करपत नाही, कारण ते कोरडं नसतंच. १९५७ साली ई. टी. जॅगर या ब्रिटिश संशोधकाने दाखवून दिलं की शाफ्ट फिरू लागला की रबराची कड त्याला टेकून राहत नाही, ऑइलच्या अत्यंत पातळ थरावर तरंगते. हा थर मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. पण मग खरा प्रश्न उभा राहतो: मध्ये ऑइलचा थर आहे, म्हणजे वाट मोकळी आहे. मग ऑइल बाहेर का येत नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला यंत्रविद्येतल्या सर्वात सुंदर उत्तरांपैकी एक वाटतं. कडेच्या दोन्ही बाजूंचा उतार मुद्दाम वेगवेगळा ठेवलेला असतो: ऑइलच्या बाजूने उभा, हवेच्या बाजूने सपाट. त्यामुळे शाफ्टवरचा दाब कडेच्या मधोमध न पडता ऑइलच्या बाजूला सरकतो. रबराच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. शाफ्ट फिरताना ते ओढले जाऊन तिरके होतात आणि इवल्या पात्यांसारखे ऑइल ढकलू लागतात. ढकलणं दोन्ही दिशांना होतं, पण दाबाचा तोल एका बाजूला असल्यामुळे आत ढकलणं जास्त भरतं. शाफ्ट फिरत असताना सीलच्या हवेकडच्या बाजूला मुद्दाम ऑइल सोडलं तर ते आत ओढलं जातं. म्हणजे ही चकती झाकण नाही, पंप आहे. तेच सील उलटं बसवलं तर ते तितक्याच निष्ठेने ऑइल बाहेर काढेल.

हे काम सुरुवातीला रबर करत नव्हतं; पहिली सीलं कातड्याची होती. जर्मनीतल्या वाइनहाइमची फ्रॉइडेनबर्ग ही कंपनी मुळात कातडी कमावणारी, आणि १९३०च्या दशकात तिथेच कातड्याची जागा ऑइलमध्ये न विरघळणाऱ्या कृत्रिम रबराने घेतली.

सील हा पंप आहे म्हटलं की दुरुस्तीकडे बघायची नजरच बदलते. सगळ्यात आधी गळतंय काय ते ओळखायचं. ब्रेक ड्रमच्या आत व्हील सिलिंडरही असतो आणि तोही गळतो. गिअर ऑइल दाट असतं, त्याला गंधकाचा उग्र वास येतो आणि ते पाण्यावर तरंगतं. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्यात मिसळून जातं. वाटीभर पाणी हा निकाल लावतं. ऑइल पांढरट, दुधी दिसलं तर आत पाणी शिरलंय, आणि मग सगळंच ऑइल बदलायला हवं.

गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दगड, जॅकखेरीज खाली आधाराला घोडी. चाक आणि ड्रम काढून, मागच्या प्लेटचे नट सोडून शाफ्ट पुलरने बाहेर ओढला की जुनं सील उचकटून काढता येतं. इथपर्यंत सगळेच नीट करतात. चुकतं ते यानंतर. शाफ्टवर ज्या जागी कड घासते त्या पट्ट्यावरून नख फिरवून पाहावं. मऊ रबराने कडक पोलादात खाच पाडलेली असते! रबरात रुतलेले वाळूचे कण वर्षानुवर्षं पोलाद घासत राहतात, आणि आपल्या किनाऱ्यावर वाळूला तोटा नाही. त्यात खारं पाणी. गंजाचा एक बारीक खड्डासुद्धा नव्या रबराची धार कापतो आणि महिनाभरात ओघळ परत येतो. गिऱ्हाईक म्हणतं माल डुप्लिकेट होता. कधी असतोही, पण पुष्कळदा दोष त्या पट्ट्याचा असतो. खाच हलकी असेल तर नवं सील दीड-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवून कडेला कोरी जागा देता येते, किंवा पाव मिलिमीटर जाडीची पोलादी बाही शाफ्टवर चढवता येते. जास्त असेल तर शाफ्टच बदलावा.

नवं सील ठोकताना ते तिरकं जाता कामा नये. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे हवी. कडेला आधी ऑइल लावावं, कारण पहिल्या काही फेऱ्यांत तो पातळ थर तयार व्हायचा असतो. शाफ्ट आत सरकवताना त्याचे दाते नव्या कडेवरून ओढले जाऊ नयेत. आणि ऑइलने भिजलेले ब्रेक लायनर धुऊन परत बसवू नयेत. ते आतून ऑइल शोषतात, तापले की ते पुन्हा बाहेर येतं, आणि भरलेली गाडी कार्लेखिंडीचा घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते.

आणि शेवटचं, जे बहुतेकांना माहीतच नसतं. एक्सलच्या घरावर वर एक छोटं श्वासनळीचं टोक असतं, ब्रीदर. ऑइल ३० अंशांवरून ८५ अंशांवर तापलं की आत कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ब्रीदर चिखलाने, गंजाने बुजला असेल तर ही हवा सीलच्या कडेखालून वाट काढते आणि ऑइलला बरोबर घेऊन येते. याच्या उलटही होतं. तापलेली गाडी भरतीच्या पाण्यात किंवा ओल्या रेतीत उतरली की आतली हवा एकदम आकसते आणि त्याच कडेखालून खारं पाणी आत खेचलं जातं. सील दोनदा बदलूनही गळती थांबत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा या टोकात सापडतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि मासळीच्या गाड्या तुलनेने मोकळ्या असतात. त्या दिवसांत मागच्या चाकांचे ड्रम एकदा उघडून बघा, आणि सील गळत नसलं तरी ब्रीदर काढून, डिझेलने धुऊन, फुंकून परत बसवा.