घरगुती जनित्राचे इंधन आणि त्याचे पहारेकरी

पावसाळा तोंडावर आला की आपल्या गोव्यात माडांच्या झावळ्या आणि विजेच्या तारा यांचे जुने वैर नव्याने सुरू होते. २०२१ सालच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे उन्मळून तारांवर पडली आणि कित्येक गावांस काही दिवस अंधारात काढावे लागले. ‘करंट गेलो’ हे दोन कोकणी शब्द उच्चारून आपण मेणबत्ती शोधू लागतो. परंतु ज्यांच्या अंगणात जनित्र, म्हणजे लोकभाषेतला जनरेटर असतो, त्यांच्या घरून थोड्याच वेळात घरघर ऐकू येते व दिवे लागतात. हे यंत्र सुरू कसे होते याचे कुतूहल सर्वांस असते. ते थांबते कसे, आणि कोणी न सांगता आपण होऊन मध्येच का थांबते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आम्ही वर्गात भाषा शिकविणारे. तरी आम्हांस हा दुसरा प्रश्नच अधिक गोड वाटतो.

घरगुती जनित्राची इंजिने बहुधा दोन जातींची असतात. उचलून नेता येणारी लहान यंत्रे पेट्रोलवर चालतात. त्यांत पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटते. मोठ्या घरांतून व इमारतींतून असणारी यंत्रे डिझेलवर चालतात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यातील खुबी अशी की, हवा इतकी दाबायची की ती स्वतःच अतिशय तापावी, आणि मग तीत तेलाचा सूक्ष्म फवारा सोडला की तो ठिणगीवाचून पेटावा. या एका भेदातून पुढचे सारे निघते. पेट्रोलचे इंजिन थांबवायचे तर ठिणगी बंद केली की काम झाले. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. तेथे इंधनाचीच वाट अडवावी लागते.

ती वाट अशी आहे: टाकीतून तेल निघते, गाळणीतून जाते, एक लहान पंप ते पुढे ढकलतो, दुसरा बलवान पंप त्यावर प्रचंड दाब देतो आणि शेवटी ते बारीक छिद्रांतून फवारले जाते. या वाटेवर हवेचा एक बुडबुडा शिरला तरी इंजिन हटून बसते. द्रव पदार्थ दाबला असता जवळजवळ आकसत नाही, म्हणून त्याचा दाब पुढे पोचतो. हवा मात्र स्पंजासारखी आकसते, आणि पंपाचे सारे बळ तिला दाबण्यातच खर्ची पडते. डिझेलची टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की नुसते नवे तेल ओतून भागत नाही, त्याचे हे कारण. मिस्त्री येतो, ‘एअर घेतलाय’ म्हणतो, स्क्रू सैल करून बुडबुडे निघेपर्यंत हातपंप मारतो, तेव्हा कोठे गाडे पुढे सरकते.

दुसरा शत्रू पाणी. आपली हवा दमट. अर्धी रिकामी टाकी रात्री निवते, आतल्या हवेतील बाष्पाचे थेंब होतात आणि तेलाहून जड असल्यामुळे तळाशी बसतात. पाणी व डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्म जीव वाढतात व त्यांचा बुळबुळीत थर गाळणी बंद करतो. म्हणून टाकी भरलेली ठेवावी आणि गाळणीच्या तळाची खुंटी सोडून साचलेले पाणी अधूनमधून काढून टाकावे. पेट्रोलचे दुखणे निराळे. ते काही महिन्यांत शिळे होते व कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात डिंकासारखे चिकटून बसते. शिवाय आताच्या पेट्रोलात मिसळलेले इथेनॉल पाणी ओढून घेते. यंत्र बरेच दिवस वापरायचे नसेल तर पेट्रोलची तोटी बंद करावी व कार्ब्युरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू द्यावे.

इंधनाची वाट केवढी महत्त्वाची असते याचे एक उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचे पाणी त्या शहरात शिरले. तेथील बेलव्ह्यू रुग्णालयाची जनित्रे तेराव्या मजल्यावर, पाण्यापासून सुरक्षित होती; पण त्यांना इंधन चढविणारे पंप तळघरात होते, आणि तळघर बुडाले. तेव्हा माणसांनी जिन्यात रांग करून हातोहात इंधन वर पोचविले. जनित्र उंचावर नेणाऱ्यांनी पंपाचाही विचार करावयास हवा होता, असे आम्हांस वाटते.

आता पहारेकऱ्यांकडे वळू. इंजिनाचे पहिले जीवन वंगण. लहान पेट्रोल यंत्रात वंगणाच्या पात्रात एक तरंगता गोळा असतो. वंगण फार खाली गेले की तो खाली येतो आणि ठिणगीची वीज तोडतो. उतारावर ठेवलेले यंत्र, वंगण पुरेसे असूनही, कधी कधी सुरूच होत नाही, ते याच गोळ्यामुळे. यंत्र सपाटीवर आणले की त्याचा रुसवा जातो. डिझेल यंत्रात वंगणाचा दाब पाहणारे बटण असते. येथे एक मौजेचा पेच आहे. इंजिन सुरू होण्यापूर्वी दाब शून्यच असतो. पहारेकरी कर्तव्यदक्ष राहिला तर इंजिन कधी सुरूच होणार नाही. म्हणून प्रारंभी काही सेकंद त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात व मग ती सोडतात.

दुसरा पहारेकरी उष्णतेचा. थंड करणारे पाणी फार तापले की तो इंजिन बंद करतो. परंतु त्याचे नाक पाण्यात बुडालेले असेल तरच त्याला कळते! नळी फुटून सारे पाणीच वाहून गेले तर तो कोरडा पडतो आणि इंजिन भाजून निघत असता त्याला थंडच वाटते. यावर उपाय म्हणून काही यंत्रांत पाण्याची पातळी पाहणारा आणखी एक जण नेमतात.

तिसरा वेगाचा. आपल्या विजेची आवर्तने सेकंदास ५०; ती मिळण्यासाठी डिझेल जनित्र बहुधा मिनिटास १,५०० फेरे घेते. गव्हर्नर नावाचा भाग इंधन कमीअधिक करून हा वेग राखतो. तो अडकला तर इंजिन उधळते, आणि तेव्हा इंधन तोडावे लागते. क्वचित असेही घडते की इंजिन झिजून स्वतःचेच वंगण जाळू लागते. मग डिझेल बंद केले तरी ते थांबत नाही. त्या वेळी हवेचे तोंड बंद करणे हाच उपाय उरतो.

हे पहारेकरी ज्या झडपेकडून इंधन तोडवितात ती विजेच्या चुंबकावर चालते. एका पद्धतीत वीज मिळत असेतोवर झडप उघडी राहते. तार तुटली की ती मिटते व इंजिन थांबते. दुसरीत उलट, थांबविण्यासाठी वीज द्यावी लागते. तार तुटली तर इंजिन चालूच राहते व हाताने दांडी ओढावी लागते. घरासाठी पहिलीच पद्धत बरी, असे आमचे मत. पण सर्वत्र नव्हे. आग विझविण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन आपोआप सुरू झाले असता वंगण संपले वा पाणी उकळले म्हणून थांबवीत नाहीत. तेथे फक्त घंटा वाजते, आणि वेग हाताबाहेर गेला तरच ते बंद होते. घर वाचत असेल तर इंजिन जळाले तरी चालेल, हा त्यामागचा हिशेब.

या साऱ्यांत एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आली असेल. हे पहारेकरी इंजिनाचे आहेत, आपले नव्हेत. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पावसात भिजू नये म्हणून जनित्र पडवीत, जिन्याखाली किंवा बंद खोलीत ठेवले तर वंगण, पाणी, वेग सारे यथास्थित असते, इंजिन सुरेख चालते, आणि आत निजलेली माणसे उठत नाहीत. अमेरिकेतील काही नव्या लहान जनित्रांत हा वायू साचला की ठिणगी तोडणारा पहारेकरीही बसविला आहे. मात्र तो यंत्राभोवतीची हवा हुंगतो, तुमच्या निजण्याच्या खोलीतली नव्हे; त्यामुळे तसले यंत्र असले तरी ते अंगणातच, दारेखिडक्यांपासून दूर, धुराचे तोंड घराच्या उलट दिशेस करून ठेवावे लागते.